दोन भोकांचा दगड

आमच्या ट्रेकिंग क्लबचे लीडर डोंगर चढत नसत. हे वाक्य मी बऱ्याच जणांना ऐकवून पाहिलं आहे. ऐकणारा म्हणतो, "आता वय झालं असेल." मी म्हणतो, छे, पहिल्या दिवसापासून. मग तो विचारतो, "गुडघे?" गुडघे ठणठणीत होते. साहेब रोज सकाळी सावेडीहून भिंगारपर्यंत चालत जात आणि येताना मेथीची जुडी घेऊन येत. त्यांना फक्त डोंगर चढायचा नसे. क्लब डोंगर चढण्यासाठी काढलेला होता आणि काढलाही त्यांनीच होता. या दोन गोष्टी एकमेकींच्या आड येतात असं त्यांना कधी वाटलं नाही, आणि पुढेपुढे आम्हालाही वाटेनासं झालं.

साहेब पोलिसातून हवालदार म्हणून निवृत्त झालेले. काठी घेऊन गर्दी पांगवणारे हवालदार नव्हेत. त्यांची सगळी नोकरी टेबलामागे जबाब आणि पंचनामे लिहिण्यात गेली. नगरला कोर्टाच्या रस्त्यावर माझं झेरॉक्सचं दुकान आहे, त्यामुळे त्यांचं अक्षर मी त्यांच्या आधी ओळखत होतो. वकील लोक त्यांच्या पंचनाम्याच्या नकला काढायला आले की म्हणायचे, "हा हवालदार डोळ्यांनी बघत नाही, पट्टीनं बघतो." कुठल्या झाडाची फांदी कुठल्या दिशेला होती, रस्त्यावर पडलेली चप्पल डाव्या पायाची होती का उजव्या, सगळं त्यात असे.

निवृत्तीनंतर महिनाभरातच ते एक कागद घेऊन दुकानात आले. त्यावर लिहिलं होतं : "तमाम इसमांस कळविण्यात येते की, येत्या रविवारी पहाटे पाच वाजता डोंगरगणच्या डोंगरावर जाणेचे योजिले आहे. इच्छुकांनी माळीवाडा स्टँडसमोर पाण्याच्या बाटलीसह हजर राहावे. हजर न राहिल्यास त्यांचे काही एक म्हणणे नाही असे समजण्यात येईल." मी पन्नास प्रती काढून दिल्या. अख्ख्या नगर शहराचं काही एक म्हणणं नव्हतं. आम्ही चौघं आलो.

मी आलो कारण प्रती मीच काढल्या होत्या आणि साहेब रोज दुकानावरून जात. दुसऱ्या होत्या सिस्टर, मूळच्या श्रीरामपूरच्या, नगरला एका दवाखान्यात नर्स. तिसरे शेखभाई, ज्यांचा टेम्पो होता. चौथे सोनईचे काका, खताच्या दुकानाचे मालक, ज्यांना डॉक्टरांनी चालायला सांगितलं होतं आणि एकट्यानं चालताना लोक "काय झालं? गाडी बिघडली का?" असं विचारायचे म्हणून ते क्लबात आले. पुढे क्लब वीस-पंचवीस जणांचा झाला, पण जुनी खोडं आम्ही चौघंच.

त्या पहिल्या रविवारी पायथ्याशी पोचल्यावर साहेबांनी टेम्पोतून घडीची खुर्ची काढली, छत्री उघडली, थर्मास मांडला, गळ्यात शिट्टी अडकवली आणि डोंगराकडे पाठ करून बसले.

"चला," ते म्हणाले.

"आणि तुम्ही?"

"कुणीतरी खाली पाहिजे ना."

"पण मग डोंगराकडं तोंड करून तरी बसा," सिस्टर म्हणाल्या.

"संशयिताकडं बघत बसलं की तो सावध होतो," साहेब म्हणाले आणि त्यांनी चहा ओतला.

आम्ही चढलो, उतरलो. भूक मी म्हणत होती. चादर अंथरून डबे उघडणार एवढ्यात शिट्टी वाजली. साहेबांच्या मांडीवर फाईल होती.

"आधी जबाब. एकेकानं यायचं. बाकीच्यांनी टेम्पोच्या पलीकडं थांबायचं. आपसात बोलायचं नाही."

तेव्हापासून ती आमची रीत झाली. डोंगरावरून खाली आलो की प्रत्येकाचा वेगळा जबाब व्हायचा आणि सगळे जबाब होईपर्यंत डबा उघडायचा नाही. किती पायऱ्या, कितवी निखळलेली, टाक्यात पाणी किती, झेंड्याची काठी लोखंडाची का बांबूची. एकदा सिस्टरनी सांगितलं टाक्यातलं पाणी कमरेएवढं, शेखभाई म्हणाले मांडीएवढं. साहेबांनी दोघांना शेजारी उभं केलं, पट्टीनं मोजलं आणि "दोन्ही जबाब जुळतात" असा शेरा मारला. शेखभाई सहा फूट उंच आणि सिस्टर पाच फूट, त्याही चपला धरून.

सोनईचे काका कळवळून म्हणायचे, "साहेब, आधी भाकर खाऊ द्या. उपाशी मानूस काय बी सांगतंय."

"उपाशी माणूस थोडक्यात सांगतो," साहेब म्हणायचे. "पोट भरलेला माणूस रंगवून सांगतो. मला रंग नको."

सगळ्या जबाबांवरून ते घरी डोंगराचा पंचनामा लिहीत. पूर्वेस अमुक ओढा, पश्चिमेस तमुक शिवार, चढण्यास लागलेला वेळ, वाटेत भेटलेल्या शेळ्यांचा अंदाजे आकडा. मग तो कागद माझ्याकडे यायचा आणि मी प्रत्येक सभासदाला एक नक्कल द्यायचो. त्या सगळ्या पंचनाम्यांत शेवटच्या ओळीत एक जागा कोरी सोडलेली असे. "येणेप्रमाणे पंचनामा ........ केला असे." मी एकदा विचारलं, इथं काय राहिलं?

"समक्ष," ते म्हणाले. "तो शब्द मला लिहिता येत नाही. जागा राखून ठेवलीये."

मला साहेब नावाने कधी हाक मारत नसत. मी "झेरॉक्स". त्यांचा माझ्यावर फार भरवसा. "बाकीचे सांगतात ते मी तपासतो," ते सगळ्यांसमोर म्हणायचे. "झेरॉक्स सांगतो ते लिहितो. त्याचा धंदाच आहे तो, आहे तसं उतरवायचं." मी मान खाली घालून हसायचो. मला तेव्हा बरं वाटायचं, आता आठवलं की कान गरम होतात.

डबे उघडले की मात्र त्यांच्यासारखा माणूस नाही. घरून काकूंनी, म्हणजे त्यांच्या बायकोनं, दिलेला ठेचा ते जणाजणाच्या हातावर वाटायचे आणि कुणाला ठसका लागला तर पाण्याची बाटली त्यांचीच पुढे यायची. वर्षातून एकदा सोनईला काकांच्या शेतात क्लबची हुरडा पार्टी असे. एका वर्षी तिथे लसणीच्या चटणीची बरणी हरवली. साहेबांनी एकोणीस जणांचे जबाब घेतले. हुरडा गार झाला, आगटी विझली, एका नव्या सभासदाची बायको रडायच्या बेतात आली. शेवटी बरणी साहेबांच्याच खुर्चीखाली सापडली. दुसरा कुणी असता तर हसून वेळ मारून नेली असती. साहेबांनी नवा कागद घेतला. "बरणी आपणच ठेवली काय?" असा प्रश्न त्यांनी मोठ्यानं विचारला, "होय, मुंग्या लागू नयेत म्हणून," असं उत्तर दिलं, "मग सांगितले का नाही?" असं स्वतःला दरडावलं, आणि "विसरलो" म्हणून खाली सही केली. मग दुसरी सही केली, जबाब घेणारा म्हणून.

शेखभाई तो कागद आपल्या टेम्पोत लावायचा म्हणत होते. मी त्यांना नक्कल काढून दिली, फुकट.

साहेबांचं गुपित मला दिवाळीत कळलं. आकाशकंदील लावायला त्यांनी मला घरी बोलावलं होतं आणि मी पोचायच्या आत उत्साहाच्या भरात स्वतःच शिडीवर चढले होते. म्हणजे दुसऱ्या पायरीवर. जमिनीपासून दोन वीत. तिथे ते शिडीला मिठी मारून उभे होते आणि कंदील खाली पडलेला. काकू आतून म्हणाल्या, "त्यांना असंच राहू दे. मी खालून धरलं की चिडतात."

मी म्हणालो, "साहेब, खाली बघू नका."

"मी कुठं बघतोय," ते डोळे मिटून म्हणाले. "खालीच बघतंय माझ्याकडं."

मी त्यांचे पाय एकेक करून जमिनीवर आणले. जमिनीला पाय लागल्यावर त्यांनी शर्ट नीट केला आणि म्हणाले, "हे जबाबात येणार नाही." मी कुणाला सांगितलं नाही. आज पहिल्यांदा लिहितोय, आणि त्यांची परवानगी घेऊन लिहितोय. "खरं असेल ते लिही" एवढंच ते म्हणाले.

आता दगडाचं सांगतो.

अकोले तालुक्यात एक डोंगर आहे. त्याला आम्ही "आडवा" म्हणायचो. कारण तो उभ्यापेक्षा आडवाच जास्त आहे, संपतच नाही. म्हणून तिथं आम्ही जुनी चौघंच जायचो. आम्ही पहिल्यांदा गेलो तेव्हा माझे बूट नवे होते. दुसऱ्या टप्प्यापर्यंत दोन्ही टाचांना फोड आले. एका उंबराखाली मी जो टेकलो तो झोपलोच. बाकीचे वर जाऊन आले, मला उठवलं, आणि "ह्याचं साहेबांना सांगू नका" या माझ्या विनंतीवर हसत खाली आले. ते माझ्याबद्दल काही बोलणार नव्हते, पण जबाब मला द्यायचाच होता.

"तिसऱ्या टप्प्यावर वाट फुटते," साहेब म्हणाले. "तिथं खूण काय?"

उंबराखाली झोपलो होतो एवढं म्हणायला काय झालं असतं? पण समोर त्यांचं पेन थांबलेलं, भरवशानं. माझ्या तोंडून निघालं, "दगड आहे साहेब."

"कसला?"

"दोन भोकांचा."

दोन भोकं कुठून आली ते मला माहीत आहे. दुकानातला भिंतीवरचा प्लग. आठ-दहा वर्षं रोज सकाळी मी त्याच्याकडे बघत आलोय.

"भोकं वर-खाली का शेजारी-शेजारी?"

"शेजारी-शेजारी."

"दगडाच्या डावीकडून जायचं का उजवीकडून?"

"उजवीकडून," मी म्हणालो. साहेबांचा चेहरा उजळला. इतकी नेमकी खूण त्यांना आजवर कुणी दिली नव्हती. त्यांनी ती लाल शाईनं अधोरेखित केली. ती ओळ घट्ट बसलेली मी पाहिली, पण डबे उघडले आणि मी विसरलो.

पुढच्या वर्षी आम्ही परत आडव्याला गेलो. खाली आल्यावर साहेबांनी सिस्टरना विचारलं, "दोन भोकांचा दगड?"

"कुठला दगड?"

साहेबांनी चष्म्यावरून पाहिलं. "झेरॉक्सला दिसला आणि तुम्हाला दिसला नाही. मग सिस्टर, तुम्ही नक्की वर गेला होता ना?"

सिस्टर खरोखर वर गेल्या होत्या. पण दिवसभर उन्हात चढून आलेल्या बाईला, समोर डबा बंद असताना, हा प्रश्न सोसवत नाही. "हां, तो होय," त्या म्हणाल्या. "गवतात होता जरा."

"उजवीकडूनच गेलात ना?"

"उजवीकडूनच."

शेखभाईंनी दगड तर पाहिलाच, वर एका भोकात पाल होती म्हणून सांगितलं. सोनईच्या काकांनी कमाल केली. ते म्हणाले, "म्या त्या डाव्या भोकात सुपारी ठिवली. देवाचा असंल तर असू द्या म्हनलं."

तीन फेऱ्या झाल्या. दगडाचे नऊ जबाब झाले. कुणी कुणाशी बोललेलं नव्हतं, कारण जबाबाबद्दल आपसात बोलायचं नाही असा नियम होता आणि आम्ही नियमाचे पक्के. त्यामुळे बाकीच्यांनी तो पाहिला असेल, आपल्यालाच कसा दिसला नाही, असं प्रत्येकाला वाटत होतं. मला तर पाल ऐकल्यावर शंका यायला लागली की दगड असेलच.

क्लबची शंभरावी मोहीम जवळ आली तेव्हा साहेबांचा सत्कार करायचं ठरलं. शाल, श्रीफळ, फेटा. सोनईच्या काकांनी बैठकीत टूम काढली की सत्कार डोंगराच्या माथ्यावर करायचा. "खाली सत्कार कुनाचा बी हुतो. साहेब, तुमी वर या. न्हाई आला तर शाल मी माघारी घिऊन जाईन."

सगळे हसले. साहेब हसले नाहीत. दुसऱ्या दिवशी ते दुकानात आले. गिऱ्हाईक जाईपर्यंत थांबले आणि मग म्हणाले, "झेरॉक्स, नव्याण्णव पंचनामे झाले. एकाही घटनास्थळी मी नव्हतो."

मी मशीनचं झाकण खाली केलं.

"नोकरीत माझ्या शेजारच्या टेबलावर एक जण होता. चहा पीत पीत पंचनामा करायचा. जागेवर जायचाच नाही. मी आयुष्यभर त्याच्याशी बोललो नाही." ते काउंटरच्या काचेवर बोटानं रेघ ओढत होते. "आता मी कोण आहे, सांग बरं."

"साहेब, हा काय खुनाचा पंचनामा आहे का? गंमत आहे."

"तुमच्यासाठी," ते म्हणाले. मग म्हणाले, "एकदा वर जायचं. एकदाच. तो शब्द लिहायचा. तू माझ्यापुढं चाल. मी तुझ्या टाचांशिवाय कुठं बघणार नाही."

"कुठल्या डोंगरावर?"

"आडवा. सगळ्यांत पक्की नोंद त्याचीच आहे. तुझा दगड आहे ना."

तेव्हा सांगायला हवं होतं. काउंटरवर आम्ही दोघंच होतो. मी म्हणालो, "हो."

भाद्रपदातला रविवार होता. पायथ्याशी उतरलो तर समोर डोंगरच नव्हता. धुकं इतकं दाट की टेम्पोतून खाली टाकलेला पाय दिसेना. शेखभाई म्हणाले, "परत जाऊ. अशा मौसमात शैतान पण घरी बसतो." सिस्टरही तेच म्हणाल्या. साहेब मात्र आजूबाजूला बघत उभे होते. त्यांचा चेहरा हळूहळू खुलत गेला.

"काहीच दिसत नाही," ते म्हणाले.

"म्हणून तर म्हणतो..."

"काहीच दिसत नाही! वर नाही, खाली नाही. अरे, मग भ्यायचं कशाला?"

आणि ज्या माणसाला दोन वीत शिडीवरून मी उतरवलं होतं तो माझ्या टाचाबिचा सोडून सगळ्यांच्या पुढे निघाला. आम्ही त्यांच्यामागे धावलो. हे थांबवायला हवं होतं हे मला कळत होतं, पण ते दृश्यच असं होतं की कुणाला थांबवावंसं वाटेना. ते मोठ्यानं बोलत चालले होते. "आता अकरा पायऱ्या. बारावी निखळलेली, तिच्यावर पाय देऊ नका." खरोखर निखळलेली. "इथं शेखभाई घसरले होते, उजव्या कुल्ल्यावर. आता कोरडं टाकं. आता उंबर." उंबर आला. मी मान फिरवली. आम्ही तीनदा त्या डोंगरावर गेलेली माणसं धुक्यात आंधळ्यासारखी चाचपडत होतो आणि कधीच न आलेला माणूस आम्हाला घर दाखवावं तसा डोंगर दाखवत होता. तेव्हा मला त्यांचा फार अभिमान वाटला.

मग तिसरा टप्पा आला. वाट फुटली.

"आता दगड," साहेब म्हणाले आणि वाकून हातांनी गवत चाचपायला लागले. "दोन भोकांचा. त्याच्या उजवीकडून."

उजवीकडे काय आहे ते मला पुढच्या फेऱ्यांमुळे माहीत होतं. खरी वाट डावीकडे वळते. उजवीकडे गुरांची वाट आहे, ती जेमतेम वीस पावलं जाते आणि कड्यावर संपते. ऊन असलं की कुणी तिकडे जात नाही, समोर दिसतंच.

"असणारच," साहेब पुटपुटत होते. "नऊ जबाब आहेत. थोडा पुढं असेल." ते उजवीकडे सरकले. आणखी सरकले. धुक्यात त्यांचा सदरा पुसट झाला.

"साहेब, थांबा!" मी ओरडलो. "दगड नाही!"

"आहे. तू पाहिलायस."

"नाही पाहिला. मी झोपलो होतो. उंबराखाली. साहेब, जागचे हलू नका."

पुसट सदरा थांबला. मग त्यांनी अगदी जबाबाच्या सुरात विचारलं, "शेखभाई. पाल?"

"नव्हती साहेब," माझ्यामागून आवाज आला. "मला वाटलं, झेरॉक्सनं बघितलाय तर असंल. नुसता दगड बघितला म्हणणं बरं दिसंना."

"सिस्टर?"

"गवत होतं फक्त," सिस्टर म्हणाल्या. त्या रडत होत्या का हसत होत्या, धुक्यात कळलं नाही.

"काका. डाव्या भोकात सुपारी ठेवली होती."

"सुपारी म्या खाल्ली, साहेब."

मग साहेबांनी जे विचारलं ते मी मरेपर्यंत विसरणार नाही.

"म्हणजे आत्ता मी कुठं उभा आहे?"

आणि तेवढ्यात, यायचा तेव्हा न येणारा वारा आला. धुक्याचा एक पदर सरकला. साहेबांच्या पुढे दोन हात गवत होतं आणि त्यापुढे काही नव्हतं. खूप खाली, काडीएवढ्या पांढऱ्या रेघेसारखा, ओढा होता. साहेबांनी तो पाहिला. ते ओरडले नाहीत. खाली बसले, दोन्ही मुठींत गवत धरलं आणि डोळे मिटून घेतले.

मी पोटावर सरपटत त्यांच्यापर्यंत गेलो. शेखभाईंनी माझे पाय धरले, शेखभाईंचे काकांनी, काकांचे सिस्टरनी. त्या आगगाडीनं आम्ही साहेबांना वाटेवर ओढून आणलं. काका म्हणाले, "चला खाली. गेली उडत ती शाल."

"माथा किती राहिला?" साहेबांनी डोळे न उघडता विचारलं. मला विचारलं.

"शंभरेक पावलं असतील," मी म्हणालो. मग म्हणालो, "नक्की माहीत नाही साहेब. मोजली नाहीत."

"हं," ते म्हणाले. हात पुढे केला. "चल. डोळे मी उघडणार नाही. सांगत चल. आहे तेवढंच सांग."

मी त्यांचा हात धरला. "दगड आहे. साधा. पाय वर घ्या."

"खरंच?"

"खरंच."

"ओलं गवत आहे," सिस्टर म्हणाल्या.

"खरंच?"

"खरंच, साहेब. देवाशपथ."

प्रत्येक पावलाला त्यांनी "खरंच?" विचारलं आणि प्रत्येक पावलाला आम्ही चौघांनी खरं सांगितलं. एवढं खरं आम्ही त्याआधी कधी बोललो नव्हतो, त्यानंतरही नाही. मी पावलं मोजली. एकशे चाळीस भरली. माथ्यावर झेंड्याच्या काठीला त्यांचा हात नेऊन लावला. "बांबू," ते म्हणाले आणि पहिल्यांदा हसले. काकांनी फेटा बांधला, तो त्यांच्या मिटलेल्या डोळ्यांवर आला, त्यामुळे फोटोत ते फेट्यात बुडालेले दिसतात. नारळ शेखभाईंनी फोडला. खाली उतरेपर्यंत त्यांनी माझं मनगट सोडलं नाही, आणि चार दिवस त्यावर बोटांचे वळ होते.

त्या दिवशी जबाब झाले नाहीत. साहेबांनी स्वतःच डबा उघडला आणि म्हणाले, "जेवा." मी भाकरी नुसती कुस्करत होतो.

बुधवारी ते पंचनामा घेऊन आले. मी मशीनच्या काचेवर ठेवण्याआधी वाचला. आमच्यापैकी कुणाचंही नाव त्यात नव्हतं. खाली लिहिलं होतं : "सदर जागी दोन भोकांचा दगड आढळून आला नाही. स्वतः हातांनी चाचपून खात्री केली. येणेप्रमाणे पंचनामा समक्ष केला असे."

"किती प्रती?" मी विचारलं.

"नेहमीच्या," ते म्हणाले. "आणि झेरॉक्स, पुढच्या रविवारी आठ दिवस वापरलेले बूट घालून ये. नवे नको."

पुढे साहेबांचे गुडघे खरोखरच गेले. मुलानं त्यांना आणि काकूंना पुण्याला नेलं. त्याचा फ्लॅट अकराव्या मजल्यावर. हे ऐकून मी आणि शेखभाई एकमेकांकडे बघत राहिलो. काकू फोनवर म्हणाल्या, "दिवाणखान्याचे पडदे गेल्यापासून लावलेलेच आहेत. मुलगा म्हणतो, एवढा व्ह्यू आहे. हे म्हणतात, असू दे." रविवारी आम्ही डोंगरावरून खाली आलो की साहेबांचा फोन येतो आणि जबाब होतात, एकेकाचे, बाकीचे टेम्पोच्या पलीकडे. डबे अजूनही नंतरच उघडतो.

गेल्या पावसात एका रविवारी मोहीम नव्हती. मी दुकानात एकटाच साचलेले कागद आवरत होतो. फोन आला. सांगण्यासारखं काही नव्हतं म्हणून मी म्हणालो, "साहेब, आज तुमचा जबाब. बाल्कनीत गेलात का?"

"गेलो," ते पटकन म्हणाले.

"काय दिसलं?"

"खाली एक पिवळी बस होती. शाळेची."

"रविवारी?"

पलीकडून खाकरण्याचा आवाज. "पडद्याच्या फटीतून पाहिली. शुक्रवारी."

"बरं," मी म्हणालो. "मग आज?"

"आज दार उघडलं. कठड्याला हात लावला."

"कुठल्या हातानं?"

ते म्हणाले, "थांब." फोन कशावर तरी ठेवल्याचा आवाज आला. सपाता घासत गेल्या. पडद्याच्या कड्या वाजल्या. सरकतं दार कुरकुरलं आणि फोनमध्ये वारा शिरला. काकूंचा आवाज आला, "अहो! कुठं निघालात?" मी दुकानात फोन कानाला लावून उभा होतो. तेवढ्यात आलेलं एक गिऱ्हाईक आधार कार्ड पुढे करून काहीतरी सांगत होतं, त्याला मी हातानंच थांबवलं. वारा वाहत राहिला. मग सपाता परत आल्या, या वेळी भराभर.

"डाव्या," साहेब म्हणाले. त्यांना धाप लागली होती. "उजव्यानं दार धरलं होतं. तेही लिही."

काउंटरवर एक वाया गेलेली झेरॉक्स होती. तिच्या पाठीवर मी लिहून घेतलं.